वस्तीच्या नावावर आलेला रस्ता

आमच्या वस्तीच्या नावावर सिमेंट रस्ता मंजूर झाला, बिल निघालं, वस्तीच्या तोंडाशी बोर्डही लागला, अन् रस्ता झाला वरच्या गल्लीत. हे आम्ही बायांनी सरकारच्याच कागदावरून काढून दाखवलं. ते कसं केलं ते सविस्तर लिहितेय, कारण विदर्भात अशा वस्त्या गावोगाव आहेत अन् सगळीकडे लोक एकच म्हणतात, आपलं कोण ऐकते.

गावाचं नाव लिहीत नाही. अमरावती अन् अकोल्याच्या मधात पूर्णेच्या खोऱ्यातला जो खारपाणपट्टा आहे त्यातलं गाव समजा. जमिनीखालचं पाणी खारं, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून पिण्याचं पाणी लांबून पाइपलाइननं येते. वस्ती गावाच्या उताराला, नाल्याच्या काठावर. उतारावर राहूनही पाणी आधी वर संपते, कारण वरच्या गल्लीत मोठ्या लाइनला ज्यानं त्यानं मोटर लावली आहे अन् आमच्याकडे येते ती शेवटची बारीक नळी. जल जीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं माप आहे, अन् ग्रामपंचायतीच्या कागदात आमच्या सगळ्या घरांना नळ आहे. तोट्या खरंच आहेत, पाणी कधीमधी येते. पावसाळ्यात तर नाला भरला की अर्ध्या वस्तीत गुडघ्याएवढा चिखल, पोरं चप्पल हातात घेऊन शाळेत जातात, बाळंतीण असो की म्हातारं माणूस, बाजेवर टाकून वरच्या डांबरीपर्यंत न्यावं लागते कारण अ‍ॅम्ब्युलन्स खाली येत नाही.

म्हणून तो बोर्ड लागला तेव्हा आम्ही खूश झालो होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास, ही ती योजना, जुने लोक अजून दलित वस्ती सुधार म्हणतात. बोर्डावर कामाचं नाव होतं, अंतर्गत सिमेंट रस्ता, बुद्ध विहार ते नाला. मार्च संपला, काम काही दिसेना, अन् एप्रिलमध्ये वरच्या गल्लीत, जिथं दुकानं अन् मोठ्या लोकांचे वाडे आहेत, तिथं मात्र नवा कोरा रस्ता. वाटलं दुसऱ्या कोणत्या फंडातून झाला असेल. मग आमच्यातला एक पोरगा, जो ठेकेदाराकडे मिक्सरवर कामाला होता, तोच बोलला, "वैनी, थो तुमच्याच वस्तीचा रस्ता हाय."

आता आधी ही योजना कशी चालते ते थोडं सांगते, कारण हे माहीत नसलं की माणूस नुसता रागावते अन् समोरचा कागद दाखवून गप करते. वस्तीत अनुसूचित जातीचे, नवबौद्ध किती लोक राहतात त्यावरून पैसा किती मिळणार ते ठरते. ग्रामपंचायत ठराव करते, तो पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जाते, तिथून मंजुरी येते. पुढं इंजिनियरचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, पूर्णत्वाचा दाखला, अन् शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ज्याच्यासाठी आला त्याच्यासाठीच खर्च झाला असं लिहून देणं. म्हणजे एका रस्त्यामागं इतक्या सह्या असतात, इतक्या लोकांनी तो रस्ता बघितला असं कागद म्हणतो. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. कोणी एकानं चोरी केली असं नाही वाटत मग, एवढ्या जणांना वाटलं की या लोकांच्या नावचं इकडं टाकलं तर काय बिघडते, ते कुठं विचारायला येणार आहेत.

१ मे २०२५ च्या ग्रामसभेत मी उभी राहून विचारलं. उत्तर मिळालं की निधी शासनाचा असते, गावाच्या विकासाला लागला, तुम्ही पण त्याच रस्त्यानं चालता ना. काही जण हसले. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये माझा प्रश्न लिहा म्हटलं तर लिहितो म्हणाले, नंतर रजिस्टर बघितलं तर नव्हता.

त्याच महिन्यात टीव्हीवर बातमी चालू होती की लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख अन् आदिवासी विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले, अन् खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे नाराज झाले. सरकारचं म्हणणं होतं की तो पैसा त्याच समाजाच्या बहिणींना जाते. माझ्या खात्यात पण ते १५०० येतात, मी नाकारत नाही. पण सगळ्या समाजांच्या बायांना मिळणारी योजना आमच्या वेगळ्या हिश्श्यातून भागवायची म्हणजे आमच्या वाट्याला वेगळं असं राहिलं काय? १९७९-८० पासून विशेष घटक योजना आहे, तिलाच आता अनुसूचित जाती उपयोजना म्हणतात, बजेटातून अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा वेगळा काढायचा, महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११.८ टक्के, तेवढा हिस्सा. तो वेगळा काढायचं कारणच हे होतं की सगळ्यांच्या पैशातून आमच्या वस्तीपर्यंत काही पोचत नव्हतं. मंत्रालयात जे कोटीत झालं ते आमच्या गावात लाखात झालं, मला तरी दोन्हीत फरक दिसत नाही.

तर अर्ज. माझ्या माहेरच्या गावचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती फार कामाची निघाली, की माहितीच्या अधिकारात "रस्ता का केला नाही" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद मागायचा. कोणत्या कामाचा, कोणत्या वर्षाचा, कोणता कागद. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र अ मध्ये करायचा, साधारण १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखल्याची झेरॉक्स जोडावी लागते. मी त्या कामाचा ठराव, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र अन् काम सुरू असतानाचे, झाल्यावरचे फोटो एवढंच मागितलं. फोटो मागायचं गुरुजींनी मुद्दाम सांगितलं होतं, त्याचं पुढं कळेल.

ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण आमच्या तोंडात ग्रामसेवकच बसलंय) अर्ज हातात घेऊन वाचत बसले, अन् पोच द्यायला तयार होईनात, साहेबांना विचारतो म्हणे. मग स्पीड पोस्टनं पाठवला, पावती जपून ठेवली.

खरी परीक्षा त्याच्यानंतर सुरू झाली. ऑफिसात काही नाही, घरात. संध्याकाळी उपसरपंचाचा भाऊ आला, बसला, चहा घेतला, अन् माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "दादाजी, सूनबाईले सांगा, गावात राहाचं हाय." आमचं दीड एकर, त्यात भागत नाही, सासरे अन् दीर दोघं त्याच लोकांच्या वावरात निंदण-फवारणीला जातात, सोयाबीन काढायचं ठोक काम त्यांच्याकडूनच मिळते. पेरणीच्या टायमाला बियाण्याला उधारी त्यांच्याच दुकानातून. म्हणजे मी जो १० रुपयांचा स्टँप लावला त्याची किंमत घरच्यांच्या मजुरीत मोजली जाणार होती. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या रात्री मला काही म्हटलं नाही, पण सासरे म्हणाले, "पोरी, ह्या कागदानं आपल्याले पाणी भेटन काय, का हाय थे काम बी जाईन?" मी काय सांगणार. शहरात बसून लोक म्हणतात की कायदा आहे, वापरा. कायदा वापरायला आधी घरात दोन महिन्यांचे दाणे लागतात.

यावर आम्ही एकच उपाय केला, अर्ज माझ्या एकटीचा राहू दिला नाही. मी आमच्या बचत गटाचं वहीखातं लिहिते, गटाच्या मीटिंगमध्ये सगळं सांगितलं, अन् त्याच कामाच्या वेगवेगळ्या कागदांसाठी गटातल्या बाकी बायांनीपण आपापल्या नावानं अर्ज टाकले. कोणी पंचायत समितीला, कोणी ग्रामपंचायतीला. आणखी एक अर्ज होता १५ टक्क्यांचा. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात, हे वस्तीत निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. इतक्या घरांतून अर्ज गेले म्हटल्यावर कोणाकोणाची मजुरी बंद करणार? सोयाबीन काढायला माणसं त्यांनापण लागतात.

अजून एक गोष्ट लिहायलाच पायजे. आमच्या सरपंच आमच्याच समाजाच्या आहेत, राखीव जागेवर निवडून आलेल्या. लोक म्हणतात मग तुमचाच माणूस खुर्चीवर असून असं कसं. त्या बाईंना मी दोष देत नाही. चेकवर सही त्यांची, पण रस्ता कुठं टाकायचा हे जिथं ठरलं तिथं त्यांना बसायला खुर्ची नव्हती. नंतर त्यांनीच मला सांगितलं की, "मले कागद आणून देल्ला, म्हने वस्तीचंच काम हाय, सही करा." राखीव जागेनं खुर्ची मिळते, खुर्चीमागचे लोक बदलत नाहीत, अन् प्रशिक्षण म्हणून एक दिवस तालुक्याला नेऊन जेवण दिलं की झालं. त्या स्वतः बोलल्या म्हणून आम्हाला पुढं बळ मिळालं.

३० दिवसांत उत्तर यायला पायजे होतं, आलं नाही. मग पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टँप. जुलैत सुनावणी लागली. तिथं अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं, ही माहिती तुम्हाला कशाला पाहिजे. गुरुजींनी माझ्याकडून कायद्याची पानं वाचून घेतली होती म्हणून सांगता आलं की कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नाही. साहेबांचा चेहरा बदलला, पण ऑर्डर नीट दिली, हे मान्य करायला पायजे. मुदत संपली होती म्हणून कलम ७(६) प्रमाणे सगळ्या प्रती फुकट द्या, अन् मूळ एमबीची पाहणी करू द्या. एरवी पानाला २ रुपये पडतात. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड कायद्यात आहे, पण तो माहिती आयोग लावते, दुसऱ्या अपिलात. आमचं काम पहिल्या अपिलातच झालं.

एमबी पाहिली तो दिवस मी विसरणार नाही. मी आणि गटातल्या दोघी, टेबलावर ते लांबट पुस्तक. सुरुवातीला वाटलं इंजिनियरची भाषा, आपल्याला काय कळणार, पण ते तर आमच्या गटाच्या वहीसारखंच निघालं, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, शेवटी बेरीज, खाली सही. कामाचं नाव बुद्ध विहार ते नाला. लांबी ११० मीटर, रुंदी ३ मीटर. आम्ही लिहून घेतलं, घरी आलो, अन् वावर मोजायचा टेप घेऊन विहाराच्या पायरीपासून नाल्यापर्यंत मोजलं. जेमतेम ७० मीटर. म्हणजे जी जागाच ७० मीटर आहे तिच्यात ११० मीटरचा रस्ता कसा बसला? मग वरच्या गल्लीतला नवा रस्ता मोजला, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, एक टोक मी धरलं अन् दुसरं आत्याबाईंनी. बरोबर ११०.

अन् ते फोटो. कामाच्या फोटोवर आता ठिकाणाचे अक्षांश-रेखांश छापून येतात. झेरॉक्समध्ये काळपट आले होते पण आकडे वाचता येत होते. माझ्या पुतण्यानं ते मोबाइलच्या नकाशात टाकले तर टाचणी पडली थेट वरच्या गल्लीत, किराणा दुकानाच्या समोर. सरकारच्या फाइलमध्येच पुरावा लावून ठेवलेला होता, अन् त्या फाइलवर सह्या करताना एकालाही तो आकडा तपासावा वाटला नाही. म्हणून सांगते, फोटो मागाच, अन् शक्यतो रंगीत प्रत मागा.

१५ टक्क्यांच्या अर्जाचं उत्तर पण आलं, त्यात वस्तीसाठी म्हणून एलईडी लाइट दाखवले होते. त्यातले बरेच लाइट कुठं आहेत ते आम्ही संध्याकाळी फिरून बघितलं, वस्तीत थोडेच. त्याची वेगळी तक्रार केली, ती अजून पडून आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा खर्च तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर अर्ज न करताही दिसते, मोबाइलवर गावाचं नाव टाकून, हे पोरापोरींनी शिकून घेतलं तर निम्मं काम घरबसल्या होईल. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये लिहिलेलंच आहे की कार्यालयांनी बजेट, खर्च, योजना हे आपणहून जाहीर करायचं. ते केलं असतं तर मला अर्ज करायची, अन् माझ्या सासऱ्यांना मान खाली घालून ते शब्द ऐकायची वेळच आली नसती.

ऑगस्टमध्ये सगळी कागदं लावून जिल्हा परिषदेत लेखी तक्रार दिली. बऱ्याच जिल्हा परिषदांवर २०२२ पासून निवडून आलेली बॉडीच नव्हती, प्रशासक होते, त्यामुळं सभागृहात प्रश्न विचारणारा सदस्य नाही, जे काय ते अधिकाऱ्यांकडे. पाठपुरावा करत राहिलो, फोन, पोस्ट, तिथं जाऊन बसणं. सप्टेंबरात संयुक्त पाहणी लागली. पाऊस थांबत नव्हता, नाल्याचं पाणी विहाराच्या ओट्याला टेकलेलं, सोयाबीन वावरातच काळं पडत होतं. त्या चिखलात साहेब लोक गाडी वर लावून खाली चालत आले, बुटं काढून. खालच्या इंजिनियरनं शेवटचा प्रयत्न केला, म्हणे हा वस्तीचा पोचरस्ता आहे, पोचरस्ता योजनेत बसते. ते खरं आहे, वस्तीला जोडणारा रस्ता या योजनेत करता येतो. पण वरची गल्ली आमच्या वस्तीला जोडतच नाही, ती दुकानापासून वाड्यापर्यंत जाते अन् तिथं संपते, अन् अंदाजपत्रकात शब्द "अंतर्गत" आहे. हे मी बोलले नाही, आमच्या गटातली जी ताई तिसरीपर्यंत शिकली तिनं बोट दाखवून सांगितलं, "साहेब, थ्या रस्त्यानं चालत येऊन दाखवा आमच्या घरी." पंचनाम्यात लिहिलं गेलं की काम मंजूर जागेवर झालेलं नाही. आम्ही तिथंच पंचनाम्याच्या प्रतीची मागणी लेखी दिली.

नोटिसा निघाल्या आहेत, वसुलीच्या. पैसे भरले का ते अजून कळलेलं नाही. रस्ता अजून नाही. पाण्याचं थोडं झालं, पाहणीच्या वेळी साहेबांनी नळाची तोटी फिरवून बघितली, त्याच्यानंतर वरच्या लाइनवरच्या मोटरी काढल्या अन् आमच्या बाजूला वेगळा व्हॉल्व्ह टाकला, एक दिवसाआड पाणी येते. मजुरीचं म्हणाल तर सासऱ्यांना दोन घरांनी बोलावणं बंद केलं. बाकीच्यांनी नाही.

आंध्र प्रदेशनं अन् कर्नाटकनं २०१३ सालीच वर सांगितलेल्या या उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. कर्नाटकच्या कायद्यात ७(डी) नावाची पळवाट होती, सगळ्यांच्या कामाला लावलेला पैसा पण या हिश्श्यात दाखवता येत होता, ती २०२३ ला काढावी लागली. म्हणजे कायदा केला की झालं असं नाही. पण महाराष्ट्रात आपल्याला भांडायला असा कायदाच नाही, शासन निर्णय आहेत, अन् ते बदलायला एक सही पुरते. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्यात हा कायदा झालाच पाहिजे, अन् त्यात हे पाहिजे की वस्तीतल्या लोकांच्या सभेनं काम बघितल्याशिवाय उपयोगिता प्रमाणपत्र निघणार नाही. प्रमाणपत्रावर साहेबाची सही असते की पैशाचा उपयोग झाला. उपयोग झाला की नाही हे ज्यांच्यासाठी झाला त्यांना कोणी विचारत नाही.

हेच आम्ही गावात ठरावात आणलं. ग्रामसभा २ ऑक्टोबरला, अन् त्या वर्षी त्याच दिवशी अशोक विजयादशमी, अर्धी वस्ती दीक्षाभूमीवर. पण मुख्य ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ती आम्ही आदल्या दिवशी सकाळी मागून घेतली. वस्तीच्या नावावरच्या कोणत्याही कामाचं शेवटचं बिल विहारात सभा घेऊन, एमबी वाचून दाखवल्याशिवाय काढू नये, असा ठराव मांडला, सरपंच ताईंनी स्वतः अनुमोदन दिलं. यावेळी प्रोसिडिंग तिथंच मोठ्यानं वाचायला लावलं, सह्या-अंगठे झाल्यावर पानाचा फोटो काढला, अन् मग नागपूरची गाडी पकडायला निघालो. वसुलीच्या नोटिसांचं पुढं काय झालं त्याचा अर्ज परत आल्यावर टाकला, यावेळी ग्रामसेवकांनी पोच दिली.